दुचाकीपुरती वाट

माझ्या चुलतभावाची वस्ती डांबरी सडकेपासून बाराशे मीटर आत आहे. सकाळी सहाला तो धारा काढतो, वीस-वीस लिटरच्या दोन किटल्या मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना लटकवतो आणि निघतो. फाट्यावरच्या डेअरीचा काटा साडेसातला बंद होतो. बाराशेपैकी पहिले हजार मीटर पाणंद आहे. पुढचे दोनशे मीटर पाणंद होती.

दोन वर्षांपूर्वी, पेरणीच्या तोंडावर, शेजाऱ्यांनी ती नांगरून रानात घेतली आणि तोंडाशी बाभळीच्या काट्या टाकल्या. भावकीतलेच आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात. भाऊ त्यांच्या दारात गेला. म्हणाला, ‘‘तात्या, ट्रॅक्टरचं नंतर बघू, पण गाडीपुरती तरी वाट ठेवा.’’ तात्या म्हणाले, ‘‘तुझा आजा चालत जायचा. तू बी चालत जा. चालायला मी कुठं नाही म्हनलो?’’

तेव्हापासून मोटारसायकल नांगरटीच्या अलीकडे उभी राहते. भाऊ एक किटली खांद्यावर घेऊन दोनशे मीटर ढेकळं तुडवतो, परत येतो, दुसरी नेतो. पावसाळ्यात ढेकळांचा चिखल होतो. दोनदा पाय घसरून दूध सांडलंय.

तात्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ‘तुझा आजा चालत जायचा’ हे रागाच्या भरात बोललेलं असेल, पण त्याच्या मागे कायद्याचा एक धागा आहे आणि तो तात्यांना ठाऊक होता, हे मला नंतर कळलं. भारतीय सुविधाधिकार अधिनियम 1882 सालचा. त्याचं कलम 28 सांगतं की, एका प्रकारच्या जाण्यायेण्याच्या हक्कात दुसऱ्या प्रकारचा हक्क येत नाही. म्हणजे दुसऱ्याच्या रानातून पायी जायचा हक्क मिळाला, म्हणून गाडी न्यायचा हक्क आपोआप मिळत नाही. हे कलम लिहिलं गेलं तेव्हा माणूस पायी जायचा, घोड्यावर जायचा किंवा बैलगाडीतून जायचा. मोटारसायकल कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

आणि आज गावागावातली निम्मी भांडणं याच फटीत अडकलेली आहेत. पायवाट म्हणावं तर दुचाकीला चाकं आहेत. गाडीवाट म्हणावं तर ती बैलगाडीच्या निम्म्यानेही रुंद नाही. अडवणाऱ्याला दोन्ही बाजूंनी सोयीचं होतं.

आम्ही नकाशा काढला. प्रत्येकाने काढावा, नक्कल मिळते. जुन्या गाव नकाशावर वाटा रेषांनी बोलतात. तुटक दुबार रेषा म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. आमच्या त्या दोनशे मीटरवर एकेरी रेषा निघाली. भावाचा चेहरा पडला. ‘पायमार्ग’ या शब्दाने तात्यांचंच खरं ठरलं, असं त्याला वाटलं.

मला उलट वाटलं. सव्वाआठ फूट! हा आकडा उगाच आलेला नाही. इंग्रजी अमदानीत जमिनी मोजल्या गेल्या त्या तेहतीस फुटी साखळीने. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, 1089 चौरस फूट. साडेसोळा फूट ही अर्धी साखळी आणि सव्वाआठ फूट ही पाव साखळी. मोजणीदाराने पाव साखळी वाट माणसांच्या पायांसाठी सोडली, तेव्हा त्या वाटेवरून डोक्यावर भारा घेतलेल्या बाया, शेळ्या, म्हैस, पखाल लादलेला रेडा, सगळंच जाणार हे त्याला दिसत होतं. एकट्या माणसाला दोन फूट पुरतात.

मोटारसायकलचं हँडल मोजा, अडीच फुटांच्या आसपास भरेल. दोन्ही बाजूंना किटल्या लटकवल्या तरी चार फुटांच्या आत. सव्वाआठ फुटांत समोरासमोर आलेल्या दोन गाड्या एकमेकींना न घासता जातात. मी आणि भावाने टेप लावून बघितलंय.

मग सातबारा काढला. जी वाट कुणाच्या गटातून जाते, तिचं क्षेत्र सातबाऱ्यावर पोटखराबात दाखवलेलं असतं. रस्ते, मान्य पायवाटा अशा सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जमिनीला पोटखराब वर्ग ‘ब’ म्हणतात आणि तिच्यावर आकारणी होत नाही. दोनशे मीटर म्हणजे ढोबळमानाने 660 फूट. गुणिले सव्वाआठ. उत्तर येतं 5445 चौरस फूट, बरोबर पाच गुंठे. तात्यांच्या सातबाऱ्यावर पोटखराब ‘ब’ किती होता? पाच गुंठे. त्या पट्ट्याचा सारा तात्यांनी भरलेला नाही, त्यांच्या वडिलांनी नाही, आजोबांनीही नाही. ज्या जमिनीचा सारा तीन पिढ्या कुणी मागितला नाही, ती वाटेची जमीन आहे, हे सांगायला आणखी कुठला पुरावा हवा?

पुरावा होता. मुदत गेली होती. वापरातली वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे दावा लावता येतो, अडथळा काढायचा आणि पुन्हा अडवू नये असा हुकूम मिळतो. साधा, स्वस्त, चांगला उपाय आहे. पण अडवल्या दिवसापासून सहा महिन्यांत दावा लावावा लागतो. आता हे सहा महिने शेतकऱ्याच्या सालात कसे पडतात ते बघा. वाट नांगरली जाते जूनच्या तोंडावर, कारण नांगर तेव्हाच चालतो. पेरणी झाली की गावातली वडीलधारी माणसं म्हणतात, उभ्या पिकात भांडण नको, पीक निघू दे. पीक निघतं दिवाळीच्या आसपास. मग म्हणतात, सणासुदीत नको. मग लग्नसराई. भाऊ चांगला माणूस आहे, थोरांचा शब्द मोडत नाही, म्हणून त्याची मुदत गेली. जो पहिल्याच आठवड्यात भांडायला उठला असता, त्याला वाट मिळाली असती. ही मुदत पिकाच्या चक्राशी जुळवून किमान एक वर्ष करा, असं मी या सदरातून मागतो आहे आणि मागत राहीन.

ज्यांची वाट नकाशावर मुळातच नाही त्यांच्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 143 आहे. तिथं तहसीलदार दुसऱ्याच्या बांधावरून वाट देतो. शेतकऱ्याला आपल्या शेतात जायला रास्त मार्ग हवा, ही त्यामागची कसोटी. बांधाच्या दोन्ही बाजूंनी सारखी जमीन घ्यायची म्हणजे एकावरच भार पडत नाही. हुकूम निघाला तरी नाराज माणसाला वर्षभरात दिवाणी न्यायालयात जाता येतं, आणि तिथं काय होतं ते कुणाला सांगायला नको. नातवाच्या नावाने तारखा पडतात.

माझं म्हणणं इथं सुरू होतं. ट्रॅक्टरचा, ऊसवाहतुकीचा, मळणीयंत्राचा वाद चालू द्या. तो मोठा वाद आहे, त्यात जमीनही मोठी जाते, त्याला वेळ लागेल. पण वाद निकालात निघेपर्यंत चार-साडेचार फूट दुचाकीची वाट पहिल्या तारखेलाच मोकळी करून द्या. आणि तहसीलदाराच्या प्रत्येक हुकुमात वाटेचा प्रकार नाव घेऊन लिहा: ‘पायी व दुचाकीने’, ‘बैलगाडीसह’, ‘ट्रॅक्टरसह’, जे असेल ते. ‘वहिवाटीप्रमाणे रस्ता मोकळा करावा’ या एका ओळीने आजवर किती डोकी फुटली आहेत ते कुठल्याही पोलीस पाटलाला विचारा. वहिवाट कसली, आज्याच्या पायाची की नातवाच्या चाकाची, हे त्या ओळीत नसतं.

दुचाकीच का, असं विचारणाऱ्याने एक दिवस शेतवस्तीवर काढावा. युरियाचं पंचेचाळीस किलोचं पोतं टाकीवर आडवं येतं. फवारणीचा पंप पाठीवर, औषधाच्या बाटल्या पिशवीत. टोमॅटोचे क्रेट मागे दोरीने बांधून तीन-तीन जातात. शाळेची पोरं पुढे एक, मागे दोन. बाळंतपणाच्या कळा सुरू झालेली बाई मध्ये आणि तिला धरून बसलेली सासू मागे, हेही मी पाहिलं आहे. रात्रीच्या पाळीत थ्री-फेज वीज येते, तेव्हा मोटर चालू करायला रात्री एक वाजता जावं लागतं. पायाखाली साप, जुन्नर-संगमनेरच्या पट्ट्यात उसातून बिबट्या. त्या वेळी माणसाला हेडलाइटचा उजेड आणि इंजिनाचा आवाज लागतो. ही चैनीची वस्तू नव्हे. शेतकऱ्याचा पाय आता स्प्लेंडरच्या ब्रेकवर असतो, तरीही तो पायच आहे.

आणि ही वाट काही गुळगुळीत मागितलेली नाही. काळ्या रानातली पाणंद पावसात कशी होते ते ज्याने गाडी ढकलली त्यालाच ठाऊक. माती चाकाला चिकटते, चाकाबरोबर फिरते, मडगार्डच्या आत भरत जाते. शंभर पावलांवर पुढचं चाक गच्च बसतं. गाडी स्टँडवर लावायची, बाभळीची काटकी मोडून मडगार्डच्या आत घालायची, चिखलाचा लोळ ओढून काढायचा, पुन्हा शंभर पावलं. भाऊ जूनमध्ये पुढचं मडगार्ड काढूनच ठेवतो, दिवाळीला परत बसवतो. मधले चार महिने चिखल सरळ तोंडावर उडतो. त्याची तक्रार नाही. चिखलातून जाऊ द्या, एवढंच तो मागतो.

तात्यांची बाजू मला दिसत नाही असं नाही. 2015-16 च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी खातं 1.34 हेक्टरचं होतं, म्हणजे सव्वातीन एकर. तात्यांचं तर दोनच एकर आहे, दोन मुलांत वाटायचं आहे. पाच गुंठे त्यांच्यासाठी थोडे नाहीत. आणि त्यांची खरी भीती पाच गुंठ्यांची नाही, असं ते स्वतः मला म्हणाले. ‘‘आज गाडी म्हनतोय. उद्या ट्रॅक्टर आनल. परवा ऊसाची ट्रॉली. मंग माझं रान रस्त्यातच गेलं की.’’

ही भीती खोटी नाही, कारण अनेक गावांत असंच झालं आहे. पण तिचा उतारा त्याच कलम 28 मध्ये आहे, ज्याच्या जोरावर तात्या भावाला अडवतात. एका प्रकारच्या हक्कात दुसरा प्रकार येत नाही ना? मग ‘पायी व दुचाकीने’ असं कागदावर लिहिलं की त्यात ट्रॅक्टर आपोआप येत नाही. भावाला जाता येईल आणि तात्यांना झोप लागेल. सव्वाआठातले चार फूट सोडले तर अडीच गुंठ्यांच्याही आत काम भागतं. कलम 143 खाली बांधावरून वाट द्यायची असेल तर तेच दोघा शेजाऱ्यांत वाटून प्रत्येकी सव्वा गुंठ्यावर येतं. सव्वा गुंठा द्यायला नाही म्हणणारा शेतकरी मला क्वचित भेटला आहे. नाही म्हणतात ते ‘पुढं काय’ या अंधाराला. तो अंधार चार शब्द लिहून घालवता येतो.

सरकारने काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आली, रोजगार हमीशी जोडलेली. तिची अडचण अशी की, रोजगार हमीत मजुरीचा वाटा 60 आणि साहित्याचा 40 ठेवावा लागतो आणि खडीकरणाला साहित्यच जास्त लागतं. मे 2025 मध्ये शासनाने शेतरस्ते किमान तीन ते चार मीटरचे असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात व्हावी असं ठरवलं. नोंदीचा निर्णय मोलाचा आहे, त्याचं मी मनापासून स्वागत करतो. मालक बदलला, जमीन विकली, तरी वाट कागदावर राहते. पण तीन ते चार मीटर म्हणजे दहा ते तेरा फूट. तेवढी रुंदी जिथं निघते तिथं जरूर काढा. जिथं निघत नाही तिथं ‘नियमात बसत नाही’ म्हणून चार फूटही मिळू नयेत, असं होता कामा नये. मोठ्या रस्त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्यांची दुचाकीची वाट त्यात बुडते आहे.

नोंद नसली की काय होतं, याचा धडा इंग्लंडात आहे. तिथंही खेड्यापाड्यांत जुन्या बैलगाडी-घोडागाडीच्या कच्च्या वाटा होत्या, त्यावरून मोटारसायकलवाले जात. जुन्या गाडीवाटेचा हक्क नव्या गाडीलाही लागू, असं मानलं जाई. 2006 मध्ये कायदा झाला आणि त्या वर्षीच्या 2 मेपासून, काही अपवाद सोडता, अधिकृत नकाशावर सर्व वाहनांसाठी अशी नोंद नसलेल्या वाटांवरचा मोटारवाहनांचा हक्क संपला. तिथले बहुतेक दुचाकीस्वार हौसेने फिरणारे, वाटांची चाळण होते म्हणून पायी फिरणारे त्यांच्यावर चिडलेले. आपल्याकडचा दुचाकीस्वार पोटासाठी जातो. पण कागदावर शब्द नव्हता म्हणून हक्क एका दिवसात गेला, ही गोष्ट आपण लक्षात ठेवलेली बरी.

हौशी मंडळी आता आपल्याकडेही आहेत. शनिवारी-रविवारी जाड टायरच्या गाड्या घेऊन शहरातून येतात, ओल्या पाणंदीत चाकं फिरवून गुडघाभर चाकोऱ्या पाडतात, फोटो काढून जातात. सोमवारी त्याच चाकोरीत दूधवाला पडतो. वाट सार्वजनिक आहे, त्यांना येऊ नका म्हणता येणार नाही. पण पावसाळ्याचे चार महिने तेवढे सोडा, एवढं मी त्यांना हात जोडून सांगतो. तात्यांसारख्यांच्या हातात ते आयतं कोलीत देतात.

मोटार वाहन अधिनियम 1988 मध्ये ‘सार्वजनिक ठिकाण’ म्हणजे लोकांना जायचा हक्क असलेला कोणताही रस्ता किंवा वाट, मग ती पुढे कुठे निघो न निघो. म्हणजे नकाशावरच्या पाणंदीतही परवाना हवा, विमा हवा, हेल्मेट हवं. भाऊ तिन्ही बाळगतो. कायदा ज्या वाटेवर त्याच्याकडून इतकं मागतो, त्या वाटेवर त्याला उभं राहायला जागाही द्यायला हवी.

सहा महिने उलटल्यामुळे भावाचा अर्ज दुसऱ्या दाराने गेला: नकाशावरच्या वाटेवरचं अतिक्रमण काढा. गेल्या महिन्यात स्थळपाहणी झाली. मंडळ अधिकारी सडकेकडून स्वतःच्या मोटारसायकलवर आले आणि काट्यांपाशी थांबले. भाऊ आणि मी काट्या बाजूला ओढल्या. साहेबांनी पहिल्या गिअरमध्ये गाडी घातली आणि वीस पावलांवर मागचं चाक ढेकळात रुतलं. उतरून त्यांनी हद्दीच्या दगडापासून टेप धरली, सव्वाआठ फुटांवर खुंटी ठोकली. गाडीच्या सीटवर वही ठेवून पंचनामा लिहायला बसले. भाऊ शेजारी उभा राहून एवढंच म्हणाला, ‘‘साहेब, ‘दुचाकीसह’ एवढा शब्द घाला.’’ साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, रुतलेल्या चाकाकडे पाहिलं, आणि लिहिलं: ‘अर्जदार यांस पायी व दुचाकीने ये-जा करणेस वाट आवश्यक असल्याचे दिसून येते.’ पंचांनी सह्या केल्या. तात्या बांधावर उभे होते. सहीला आले नाहीत.

परत जाताना साहेबांची गाडी निघेना. भावाने कॅरिअरला हात लावला, मी एका बाजूने. तेव्हा तात्या बांधावरून खाली उतरले, धोतराचा सोगा खोचला आणि दुसऱ्या बाजूने त्यांनीही जोर लावला. गाडी निघाली. चौघांचेही पाय घोट्यापर्यंत मातीत होते. तात्या काहीच बोलले नाहीत, हात झटकून रानात गेले.

हुकूम अजून निघालेला नाही. किटल्या आज सकाळीही खांद्यावरूनच गेल्या. पण खुंटी जागेवर आहे. तात्यांनी परवा कुळव घातला तेव्हा तिच्या अलीकडूनच बैल वळवले, असं भाऊ सांगत होता.